शैली ओळखणारं ॲप की चूक ओळखणारं?

नवी मुंबईत ऐरोली-महापेच्या ऑफिसांत शाळकरी मुलांसाठी ॲप बनवायला बसलं की दोन वाटा समोर येतात.

पहिली सोपी. सुरुवातीला प्रश्नावली भरून घ्यायची, मूल ‘बघून’, ‘ऐकून’ की ‘करून’ शिकतं, म्हणजे त्याची शिकण्याची शैली कोणती, ते ठरवायचं आणि पुढे तसेच धडे द्यायचे. पालकांना हे लगेच पटतं. पण २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञ हॅरोल्ड पाश्लर आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधन तपासलं, तेव्हा शैलीनुसार शिकवल्याने शिकणं सुधारतं याला पुरेसा पुरावा सापडला नाही. शिवाय भूमितीला आकृती लागतेच, कवितेची चाल ऐकावीच लागते, मूल कोणतंही असो.

दुसरी वाट मुलाच्या उत्तरांकडे बघते. समजा, कळव्यातली सहावीची मुलगी १/२ + १/३ = २/५ लिहिते. तिने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला. ॲपने नेमकं हेच हेरावं. अर्ध्यात भर घातली आणि उत्तर अर्ध्याहून कमी कसं, हे संख्यारेषेवर दाखवावं; मग समच्छेद करून ३/६ + २/६ = ५/६ पर्यंत न्यावं. काही दिवसांनी वेगळ्या आकड्यांत पुन्हा विचारावं. अशी प्रश्नपेढी बांधायला अनुभवी शिक्षक लागतात, वेळ आणि पैसाही जास्त जातो. तरी मी हीच वाट निवडेन.

पहिल्या वाटेतलं एक मात्र घ्यावं: आवाज, चित्र, मजकूर सगळ्यांना खुले ठेवावेत. लोकलच्या गर्दीत हेडफोन नसेल तर मजकूर हवा, नजर अधू असेल तर आवाज.