ईबेचं फीडबॅकचं पान: लेन्सआधी विक्रेता तपासला

याआधीची कॅमेऱ्याची ५० एमएमची जुनी मॅन्युअल (हाताने फोकस करायची) लेन्स मी दुसऱ्या एका साइटवरून घेतली होती. जाहिरातीत ‘अगदी नव्यासारखी’ लिहिलं होतं. घरी आल्यावर मागून टॉर्च मारला, तर काचेच्या आत कोळिष्टकासारखी बुरशी. विक्रेत्याने एकाही मेसेजला उत्तर दिलं नाही. मला ते फार लागलं. म्हणून या वेळी आधी माणूस तपासायचा, मग लेन्स, असं ठरवलं.

ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या साइटवर फीडबॅकची, म्हणजे व्यवहारानंतर एकमेकांना शेरा देण्याची, सोय १९९६ पासून आहे. नावाशेजारच्या कंसातला आकडा म्हणजे आजवरच्या शेऱ्यांची बेरीज, चांगल्याला अधिक १, वाईटाला उणे १. चांगल्या शेऱ्यांची टक्केवारी मात्र फक्त मागच्या १२ महिन्यांची असते.

पहिला विक्रेता मला जवळजवळ पसंत पडला होता. १०० टक्के, नावापुढे पिवळा तारा (बेरीज १० ते ४९ असल्याची खूण), चाळीसच्या वर शेरे. मग ‘विक्रेता म्हणून’ मिळालेले शेरे वेगळे काढले, तर जेमतेम दोन, तेही मोबाइलच्या कव्हरचे! बाकी सगळे त्याने स्वतः केलेल्या खरेदीचे. आणि २००८ पासून विक्रेत्याला खरेदीदाराबद्दल वाईट शेरा देताच येत नाही, म्हणजे त्या चाळीसांवरून तो माल कसा विकतो हे काहीच कळत नाही. हे शेरे असे वेगळे काढता येतात, याच एका गोष्टीसाठी हे पान मला मोलाचं वाटतं.

दुसऱ्याचे शेरे हजारांत होते, टक्केवारी थोडी कमी. त्याचे फक्त वाईट शेरे वाचत बसले. बहुतेक पार्सल उशिरा आल्याचे. एक मात्र बुरशीचाच होता, आणि त्याखाली विक्रेत्याचं उत्तर: चूक माझी, लेन्स परत पाठवा, पैसे देतो. तिथेच माझं ठरलं. तरी मागून उजेड पाडलेला फोटो मागितला, तो त्याने लगेच पाठवला.

एक तक्रार आहे. जुन्या शेऱ्यांसमोरची मूळ जाहिरात उघडत नाही, त्यामुळे नेमकी कुठली वस्तू कशी निघाली ते पडताळता येत नाही. ते जमायला हवं.

लेन्स आली तेव्हा आधी टॉर्चच काढला. काच स्वच्छ, फोकसची रिंग किंचित जड. शेऱ्यात नुसतं ‘छान’ न लिहिता मी या दोन्ही गोष्टी लिहिल्या.