स्मूदीचं कोरडं मिक्स: बियांचं करू की नाचण्याचं? (बाटली घेऊन कामाला जाणाऱ्यांनी आधी वाचा)

सकाळी सातच्या आत घर सोडायचं आणि वर स्मूदी पण पाहिजे, म्हणजे डब्यात काहीतरी कोरडं तयार लागतंयच. केळं सोललं, दूध ओतलं, दोन चमचे पूड टाकली, मिक्सर फिरवला, बाटलीत भरलं की गाडीला किक. त्या वेळेला कोण बदाम मोजत बसणार. प्रश्न एवढाच की त्या डब्यात काय भरून ठेवायचं. मी गेल्या दीड वर्षात दोन प्रकार करून बघितले, दोन्ही स्वतः प्यालो, घरच्यांना पण पाजले, आणि आता एकावर येऊन थांबलोय. तुमचं थांबणं दुसरीकडं होऊ शकतंय, त्यात काय चुकीचं नाही.

पहिला प्रकार बियांचा. जवस, चिया, भोपळ्याच्या बिया, तीळ, थोडे बदाम आणि पोटाला आधार म्हणून ओट्स. दुसरा नाचण्याचा. मोड आणून भाजलेला नाचणा (नाचणी म्हणा, आमच्या बेळगाव-खानापूर-चंदगड भागात नाचणाच म्हणतात), पुटाणी म्हणजे फुटाण्याची डाळ, खारीक, थोडे तीळ, सुंठ-वेलदोडा. तिसरा प्रकार दुकानातल्या बरणीचा, त्याच्याबद्दल मी बोलत नाही, मागच्या बाजूला बारीक अक्षरात साखर कितव्या नंबरला आहे ते बघा आणि तुम्हीच ठरवा.

बियांचं मिक्स करायला खरंच सोपं आहे, हे मान्य करायलाच पाहिजे. बेळगावच्या रविवार पेठेत एक फेरी मारली की सगळं एका दुकानात मिळतंय, घरी आणायचं, चिया सोडून बाकी सगळं मंद आचेवर वेगवेगळं भाजायचं, गार करायचं, दळायचं, झालं. वेगवेगळं का, तर तीळ तडतडायला लागले तरी भोपळ्याची बी अजून कच्चीच असती, एकत्र टाकलं की एक करपतंय आणि एक राहतंय. मिक्सर पण थांबत थांबत फिरवायचा, सलग फिरवला की बियांचं तेल सुटून भांड्याच्या तळाला लगदा बसतोय. ओट्स बरोबर टाकले की ते तेल ओढून घेतात आणि पूड मोकळी राहती. वट्टात पाऊण तासाचं काम.

आणि गुणाला पण कमी नाही. जवसात ओमेगा-३ भरपूर, एक मोठा चमचा जवसाच्या पुडीत दीड ग्रॅमच्या वर येतंय, चिया आणि अक्रोड सोडले तर शाकाहारी माणसाला एवढं दुसरीकडनं सहज मिळत नाही. फायबर पण चांगलं, ज्यांना सकाळी पोट साफ होत नाही त्यांच्यासाठी हे मिक्स म्हणजे उपकारच. फक्त जवस अख्खे टाकू नका, ते जसे जातात तसेच बाहेर येतात, दळल्याशिवाय अंगाला लागत नाहीत. खरं एकदा दळले की त्यातलं तेल हवेला लागतंय आणि खवट व्हायला सुरुवात होती. आमच्याकडं जुलैत डबा उघडला की जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास यायला लागला होता. फ्रीजमध्ये ठेवा, पंधरा दिवसांपुरतंच दळा, सगळे उपाय आहेत, खरं आमच्या फ्रीजमध्ये डोश्याच्या पिठालाच जागा नसती तिथं माझ्या बियांना कोण विचारतंय.

तरी खवटपणावरनं मी हे सोडलं नाही. सोडलं ते जेलीवरनं.

झालं असं. मी अनगोळातनं उद्यमबागला कामाला जातो, सात वाजता बाटली भरून बॅगेत, आणि प्यायची वेळ दहाला, चहाच्या सुट्टीत. घरी मिक्सरमधनं काढल्या काढल्या एक घोट चाखला तर एकदम झकास लागायचं, दाट, गुळगुळीत, बिस्किटासारखा वास. म्हणून मी खूश. दहाला बाटली उघडली, तोंडाला लावली, उलटी केली, काहीच येत नाही. अजून उलटी केली, तरी नाही. बुडाला थाप मारली तर भसकन एक गोळा आला, अर्धा तोंडात आणि अर्धा शर्टावर. शेजारच्या मशीनवरचे मामा बघत होते, म्हणाले, "काय ओ, ग्रीस पिताय काय सकाळी सकाळी?" त्या दिवसापासनं माझ्या बाटलीचं नाव ग्रीस पडलं ते पडलंच.

कारण काही अवघड नाही. चिया आपल्या वजनाच्या दहापट पाणी ओढून घेतो, जवसाला पण तसाच बुळबुळीत चीक सुटतोय, आणि ओट्स तर भिजले की फुगणारच. पाच मिनिटांत प्यालात तर हे सगळं पोटात जाऊन फुगतंय, तीन तास ठेवलंत तर बाटलीतच फुगतंय. मी काय काय करून बघितलं. दूध वाढवलं, तर सात वाजता पाण्यासारखं आणि दहाला परत खीर. चिया निम्मा केला, थोडा फरक पडला, जवसानं ती कसर भरून काढली. चिया पूर्ण काढला, जवस एक चमचा केले, तेव्हा कुठं बाटलीतनं बाहेर यायला लागलं, खरं मग राहिलं काय, ओट्स आणि तीळ. जवस काढायचे तर हे मिक्स करायचंच कशाला?

त्यात बाटली धुणं. तो चीक आत सुकला की काचेला रबर लावल्यासारखा बसतोय, ब्रश तोंडातनं आत जात नाही, गेला तर कोपऱ्यात पोचत नाही. संध्याकाळी घरी गेलो की बायको बाटली हातात घेऊन उभी, "अहो, ही तुम्हीच घासा." मी गरम पाणी आणि मूठभर तांदूळ घालून खळखळवायचो, तेव्हा निघायची. रोज रात्री तांदूळ घालून बाटली खळखळवणारा माणूस किती दिवस स्मूदी पिईल, तुम्हीच सांगा. मी चार महिने प्यालो, हे जास्तच झालं म्हणायचं.

नाचण्याकडं वळलो ते आईमुळं. ती म्हणाली, "त्या चिकट बियांपेक्षा नाचणा घाल की, आंबील करतोस असं समज." आंबील शिजवून करतात आणि हे न शिजवता प्यायचंय, म्हणून मोड आणून, वाळवून, नीट खमंग भाजून मग दळायचं, कच्चं पीठ दुधात कालवू नका, पोटात दुखतंय आणि चव पण मातीसारखी लागती. बेंगळूरकडं नाचणा भट्टीत फोडून त्याचं पीठ, म्हणजे हुरिहिट्टु, करतात, तेही असंच न शिजवता दुधात नाहीतर ताकात कालवून खातात, म्हणजे ही आयडिया काय माझी नाही.

आता ह्याचा त्रास पण सांगतो, नाहीतर म्हणाल एकाचंच कौतुक चाललंय. नाचणा निवडायला वेळ लागतोय. दाणा मोहरीएवढा आणि त्यात वाळू पण तेवढीच, त्यामुळं तीन-चार पाण्यांनी रोळून घेतल्याशिवाय पुढं जायचं नाही, पहिल्यांदा मी घाई केली आणि आठवडाभर स्मूदीत कचकच खाल्ली. मग बारा तास भिजवायचा, ओल्या फडक्यात बांधून एक दिवस ठेवायचा, थंडीत दीड दिवस, बारीक पांढरे मोड दिसले की पसरून वाळवायचा. इथं बेळगावचा पाऊस आडवा येतो. जूनपासनं सप्टेंबरपर्यंत ऊन म्हणजे पाहुणा, आला आला म्हणेपर्यंत गेला. मी एकदा ऑगस्टमध्ये फॅनखाली वाळवायचा प्रयत्न केला, तिसऱ्या दिवशी कुबट वास आला, सगळा टाकून दिला. तेव्हापासनं मी दोनदाच करतो, मे महिन्यात पावसाळ्यापुरता जास्तीचा नाचणा मोड आणून वाळवून ठेवतो, आणि दिवाळीनंतर परत. पावसात फक्त लागेल तसा भाजून दळायचा. मोड नको वाटत असतील तर नुसता भाजून पण चालतोय, चवीत मला तरी फार फरक वाटला नाही.

खरं मोडाचा एक फायदा आहे आणि तो नेमका माझ्या दुखण्यावरचा आहे. मोड आले की दाण्यातला स्टार्च मोडायला लागतोय, म्हणून लहान बाळांना देतात ती मोडाच्या नाचण्याची पेज साध्या पिठापेक्षा पातळ होती, आणि त्यातलं लोह-कॅल्शियम पण अंगाला जरा जास्त लागतंय. बाटलीत हे मिक्स फुगत नाही. खाली गाळ बसतोय, हे खरंय, दहा वाजता बघितलं तर वर दूध आणि खाली दोन बोटं तपकिरी थर. झाकण घट्ट लावायचं, पाच-सहा वेळा हलवायचं, प्यायचं. बाटली नुसत्या पाण्यानं निघती. तांदूळ भातालाच राहतात.

प्रमाण मी असं धरतो: अर्धा किलो नाचणा, पाव किलो पुटाणी, शंभर ग्रॅम खारीक, पन्नास ग्रॅम तीळ, बोटभर सुंठ, आठ-दहा वेलदोडे. नाचणा गिरणीवर दळून आणायचा, आणि गिरणीवाल्याला तीळ घेऊन जाऊ नका, तेलानं दगड बसतात म्हणून तो परत पाठवतोय, त्याचं बरोबरच आहे. तीळ आणि पुटाणी घरी मिक्सरला एकत्र, पुटाणी तेल ओढून घेती. खारीक बिया काढून, कढईत जरा गरम करून गार केली की कुरकुरीत होती, मग दळली जाती, नाहीतर मिक्सरचं पातं तरी जाईल नाहीतर तुमचा संयम तरी. गिरणीवरनं पीठ गरम येतंय, पेपरवर पसरून पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरायचं नाही, आतनं घाम सुटतो आणि गुठळ्या होतात. तीळ थोडे आणि भाजलेले असल्यामुळं माझा डबा बाहेरच दीड महिना टिकला, ओला चमचा घातला नाही तर.

पोषणाचं म्हणाल तर नाचण्याचं नाव कॅल्शियमसाठी आहे, शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, गहू-तांदळाच्या कितीतरी पुढं. खरं दोन मोठे चमचे म्हणजे तीसेक ग्रॅम मिक्स, त्यात नाचणा निम्म्याला थोडा वर, म्हणजे साठ मिलिग्रॅम धरा, त्यापेक्षा जास्त तुमच्या ग्लासभर दुधातच असतंय. म्हणून कोणी सांगितलं की ह्या पुडीनं हाडं लोखंडाची होतात तर ऐकून घ्या आणि दूध घालायला विसरू नका. पुटाणीचं मात्र मला पटतंय, शंभर ग्रॅमला वीस ग्रॅमच्या आसपास प्रोटीन, आणि धान्यात जे कमी पडतंय ते डाळीतनं भरून निघतंय. माझ्या पोटाचा हिशोब साधा आहे: बियांचं प्यालो की बारा वाजेपर्यंत भूक लागायची नाही, नाचण्याचं प्यालो की साडेअकराला थोडी लागती. अर्ध्या तासाचा फरक. त्यावर मी चार दाणे शेंगा खातो.

ह्या सुपरफूड शब्दाचं पण मला हसू येतंय. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर झालं तेव्हापासनं ज्या नाचण्याची भाकरी पूर्वी पाहुण्यांसमोर ठेवायला लाजत होते तोच आता चकचकीत पाकिटात आला. गोकाकचं करदंट बघा, डिंक, खारीक, सुकामेवा, गूळ, सगळं आहे त्यात, त्याला कोणी सुपरफूड म्हणत नाही, गोड म्हणून संपवतात.

पैशाचं एका ओळीत सांगतो, पाव किलो चियाच्या पैशात माझा दोन किलो नाचणा आला होता.

तर कोणी काय घ्यावं. तुम्ही घरीच उभ्या उभ्या पिऊन निघत असाल, फ्रीजमध्ये एक डबा मावत असेल, आणि पोट साफ होण्याची तक्रार असेल, तर बियांचं मिक्स चांगलं आहे, मी नाही म्हणणार नाही, फक्त दिवसभर पाणी भरपूर प्या. शुगर असेल तर माझ्या मिक्समधली खारीक काढा आणि केळं अर्धंच घाला, तेही डॉक्टरांना विचारून. लहान मुलं असतील तर नाचण्याचं, कारण खारकेच्या गोडीवर ती पितात, बियांचं आमच्या मुलीनं एकदाच तोंडाला लावलं आणि "ह्यात बेडकाची अंडी आहेत" म्हणून ग्लास ठेवून दिला. आणि बाटली घेऊन जाणारे असाल, दोन-तीन तासांनी पिणारे असाल, तर मला वाटतं फार विचार करू नका, नाचण्याचंच करा. केळं जवारी, म्हणजे गावरान, मिळालं तर तेच घ्या, त्याचा वास सुंठीबरोबर छान जमतोय. मार्च-एप्रिलात दूध दहापर्यंत टिकत नाही, तेव्हा केळं आणि दूध दोन्ही बाजूला ठेवून ताक, चिमूटभर मीठ आणि हे मिक्स, त्याला स्मूदी म्हणायचं का आंबील ते आई आणि मी अजून ठरवतोय.

जवस वाया गेले नाहीत. बायकोनं त्यांची लसूण-तिखट घालून अगशीची चटणी केली, भाकरीबरोबर दोन आठवड्यांत संपली, खवट व्हायला वेळच मिळाला नाही. चियाची अर्धी बरणी अजून आहे. उन्हाळ्यात लिंबू सरबतात टाकतो, तिथं ते फुगलेलं चालतंय. शेजारच्या मशीनवरच्या मामांनी गेल्या महिन्यात हळूच विचारलं, "ते तपकिरी काय असतंय, घरच्यांना करायला सांगू काय?" प्रमाण लिहून दिलंय. बाटलीला मात्र अजून ग्रीसच म्हणतात.