ड्राफ्ट्समनच्या कोर्ससाठी घेतलेला सेकंडहँड लॅपटॉप: नागपंचमी ते मिरग

मागच्या नागपंचमीला घेतला, आणि परवा मिरग निघाला. दहा महिने रोज वापरून झाला, म्हणून आता लिहिते. घेतल्या घेतल्या लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच झालं असतं.

मी आयटीआयला ड्राफ्ट्समन सिव्हिलच्या, म्हणजे बांधकामाचे नकाशे काढायला शिकवणाऱ्या कोर्सच्या, पहिल्या वर्षाला आहे. दोन वर्षांचा ट्रेड. लॅबमध्ये एका मशीनवर आम्ही दोघी. एक काढते, दुसरी बघते. आणि नुसतं बघून कमांड हातात बसत नाही. ऑटोकॅड, म्हणजे ज्यात आम्ही नकाशे काढतो ते सॉफ्टवेअर, विद्यार्थ्यांना फुकट मिळतं, एक वर्षासाठी, शिकत असू तोवर दरवर्षी नूतनीकरण करता येतं. म्हणजे अडत होतं ते मशीनपाशी. नवीन घ्यायची ऐपत नव्हती. आमच्या देवगड बाजूला सेकंडहँडमध्ये निवड फारशी नाही, म्हणून बाबा आणि मी एसटीने फोंडाघाट चढून कोल्हापूरला गेलो.

दुकानदार पहिल्यांदा चौदा हजारांचा दाखवत होता. तो मी नको म्हणाले, त्याची दोन कारणं. एक, त्याचा स्क्रीन १३६६ बाय ७६८ चा. ऑटोकॅडचा रिबन, म्हणजे वरची बटणांची पट्टी, आणि खालची कमांड लाइन गेल्यावर नकाशाला उरते ती फक्त खिडकीची फट. दुसरं, प्रोसेसर सहाव्या पिढीचा. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता. शेवटी आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, १९२० बाय १०८० चा १४ इंची स्क्रीन, २१,५०० रुपयांना घेतला. कुठल्या तरी ऑफिसातून निघालेला माल. झाकणावर स्टिकर खरवडल्याची खूण अजून आहे.

प्लॅन, एलेव्हेशन, सेक्शन या टू-डी कामाला हा पुरून उरतो. पण ऑटोकॅड चालू ठेवून बाजूला शिकवणीचा व्हिडिओ लावला की ८ जीबीत धाप लागायची. दिवाळीत आणखी ८ जीबीची रॅम टाकली आणि तो त्रास गेला. रेव्हिट (इमारतीचं थ्री-डी मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) शिकायचं असेल तर तसंही किमान १६ लागतेच. विकत घेताना एक विचारून घ्या: रॅमचा दुसरा स्लॉट रिकामा आहे का? पातळ लॅपटॉपमध्ये पुष्कळदा रॅम बोर्डलाच चिकटवलेली असते.

ज्याबद्दल आधी कोणी सांगितलं नव्हतं ते कीबोर्डचं. १४ इंची लॅपटॉपला सहसा नंबरपॅड नसतो, आणि आमचं काम म्हणजे दिवसभर आकडे मारणं. वरच्या ओळीतून ३६००, ४२००, २३० टाइप करताना मान सारखी खाली जाते. त्यात एफ-थ्री आणि एफ-एट, म्हणजे ऑब्जेक्ट स्नॅप (नेमका बिंदू पकडणं) आणि ऑर्थो (रेघ सरळ आडवी-उभी ठेवणं), दाबले की आवाज किंवा उजेड कमीजास्त व्हायचा, कारण एफएन लॉक करायचा असतो हे मला आठवडाभर माहीतच नव्हतं. सहाशेचा यूएसबी नंबरपॅड आणि साडेचारशेचा चाकाचा माउस. चाक दाबून पॅन करता, म्हणजे नकाशा सरकवता, आलं पाहिजे, टचपॅडवर ड्राफ्टिंग म्हणजे उजव्या हाताची भाकरी डाव्याने थापणं.

बॅटरी हा खरा रडका भाग. दुकानात तीन तास सांगितले, मिळाला दीड. सहामाहीच्या सबमिशनच्या आदल्या रात्री लाईट गेली होती, बॅटरी ३२ टक्के दाखवत होती आणि तिथूनच धाडकन बंद. घराचा सेक्शन गेला म्हणून मी रडले. सकाळी सरांनी सांगितलं, फोल्डरमध्ये त्याच नावाची बीएके, म्हणजे बॅकअपची फाइल असते, तिच्या नावाचं शेपूट बदलून डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची नेहमीची फाइल) कर. त्यातून त्याआधीच्या सेव्हपर्यंतचं परत आलं, जिन्यापुरतं पुन्हा काढावं लागलं. तेव्हापासून सेव्हटाइम, म्हणजे आपोआप सेव्ह होण्याचं अंतर, १० वरून ५ मिनिटांवर आणला आहे.

आमची हवा मशीनला मानवत नाही. श्रावणात बॅगेत बंद करून ठेवला तर चार दिवसांत बॅगेच्या आतल्या कापडाला बुरशी. यूएसबीच्या तोंडाला गंज धरला आहे, पेनड्राइव्ह हलवून बसवावा लागतो. आता पावसाचे चार महिने तो कपाटात झिरोच्या बल्बशेजारी राहतो. आजी म्हणते, देवापेक्षा ह्याचीच बडदास्त जास्त.

लॅपटॉप काय शिकवत नाही, तेही सांगते. सरावासाठी आमच्याच घराचा प्लॅन काढला. बाहेरच्या भिंती २३० मिलिमीटर, आतल्या ११५, पुस्तकात असतात तशा. शेजारचे गवंडी काका स्क्रीनवर वाकून बघत म्हणाले, “गो बाय, चिऱ्याची साडेचार इंची भिंत खय बगलंस?” खरंच होतं. ११५ ही अर्ध्या विटेची भिंत, जांभ्याचा चिरा तेवढा पातळ नसतोच. टेप घेऊन ओटी, माजघर, पडवी सगळं पुन्हा मोजलं. स्क्रीनवर झूम केलं की कुठलीही भिंत कितीही जाड दिसते, म्हणून चूक डोळ्यांना खुपतच नाही. तेव्हापासून प्रत्येक शीट एकदा ए-थ्रीवर छापून भिंतीला लावते. छापायला पीडीएफच न्या, नाहीतर टायटल ब्लॉकमधलं मराठी झेरॉक्सवाल्याकडे प्रश्नचिन्हं होऊन येतं. ऑटोकॅडच्या स्वतःच्या एसएचएक्स फॉन्टमध्ये देवनागरी उमटत नाही, मंगलसारखा फॉन्ट लावावा लागतो.

एप्रिलमध्ये कणकवलीच्या एका इंजिनिअरांच्या ऑफिसात सुट्टीपुरतं काम विचारायला गेले. त्यांनी हाताने काढलेलं कच्चं स्केच दिलं, तासाभरात प्लॅन. हात बसलेले होते, वेळेत झाला. मग दाराचा ब्लॉक, म्हणजे तयार चित्र, घातला तर दार घराएवढं! त्यांची फाइल इंचात, ब्लॉक मिलिमीटरमध्ये; २५.४ पटीचा घोळ. त्यांनी हसून युनिट्स दाखवले आणि विचारलं, गुंठ्याचे चौरस फूट किती? १,०८९, हे बाबांमुळे पाठ होतं. खाडीकाठच्या प्लॉटवर भरतीरेषा वेगळ्या लेयरवर (नकाशाच्या वेगळ्या थरावर) ठेव, हे पहिल्या दिवशी तिथेच शिकले. काम त्यांच्या मशीनवर करायचं, कारण विद्यार्थी परवान्यावर पैशाचं काम चालत नाही. घरी वाडीतल्या कोणाचं किरकोळ काम आलं तर मी लिब्रेकॅड हे दुसरं सॉफ्टवेअर वापरते. ते फुकट आहे, फक्त टू-डी, आणि फाइल साठवतं डीएक्सएफ या वेगळ्या प्रकारात. सवय व्हायला वेळ लागतो, पण चालतं.

पाचपैकी साडेतीन. अर्धा बॅटरीने खाल्ला, एक हवेने. नवी बॅटरी २,४०० म्हणतात, ती मात्र कोल्हापूरलाच मिळते. घाटात दरडी सुरू व्हायच्या आत कोणी वर जाणार असेल तर बाबा विचारून ठेवतायत.