साताऱ्यातलं सायकलचं दुकान आणि माझी नॉर्वेची तयारी

राजवाड्याच्या मागे एका बोळात सायकलचं दुकान आहे. त्याला पाटी नाही. दारात पंक्चर बघायचं पाण्याचं घमेलं आणि भिंतीवर टांगलेल्या रिमा दिसल्या की तेच ते. चाचा चाकं बघतात, त्यांचा मुलगा गिअर आणि हायड्रॉलिक ब्रेक बघतो. मार्चपासून माझी सायकल या दोघांच्या हातात होती. लांबच्या प्रवासासाठी सायकल तयार करून घ्यायची असेल तर साताऱ्यात कुठे जावं, असं बरेच जण विचारतात. त्यांच्यासाठी हे लिहितेय.

मी हायस्कूलला गणित शिकवते, वय एकोणपन्नास. ऑगस्टच्या मध्यात सायकल घेऊन नॉर्वेला जातेय. ओस्लोहून रेल्वेने हाउगास्टोल, आणि तिथून पुढे राल्लारवेगन. बर्गनची रेल्वे बांधताना मजुरांसाठी आणि सामानासाठी केलेला हा रस्ता. रेल्वे १९०९ मध्ये सुरू झाली, रस्ता मागे राहिला आणि पुढे सायकलवाल्यांचा झाला. सुमारे ८० किलोमीटर, बराचसा खडीचा, १२२२ मीटरवरच्या फिन्से स्टेशनाजवळून जाणारा. सगळ्यात उंच जागा १३४३ मीटर, म्हणजे जवळपास आपलं महाबळेश्वरच. पण इतक्या उत्तरेला त्या उंचीवर जुलैतही रस्त्यावर बर्फ असतं, म्हणून मी ऑगस्ट धरला. रस्ता संपतो तो फ्लोमला, फ्योर्डच्या काठावर.

तिथून औरलान आणि मग लार्दाल. या दोन गावांमध्ये २००० साली खुला झालेला २४.५ किलोमीटरचा बोगदा आहे, पण त्यात सायकलला बंदी. मग राहतो तो डोंगरावरचा जुना ४७ किलोमीटरचा रस्ता. समुद्रसपाटीपासून १३०६ मीटर वर आणि पुन्हा खाली समुद्रापर्यंत.

दुकानात मी गेले होते ते हलक्या गिअरसाठी. चढाची धास्ती होती. चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मॅडम, उतार किती लांबीचा हाय?"

मी तोवर तो मोजलाच नव्हता. घरी येऊन नकाशा पुन्हा काढला. फ्योर्ड म्हणजे हिमनदीने कोरलेली दरी, तिच्यात नंतर समुद्र शिरलेला. सोग्नेफ्योर्ड तर १३०० मीटरहून खोल आहे. कडे सरळ पाण्यात उतरतात, काठाला सपाटी फारशी नाहीच. त्यामुळे घाट उतरताना मध्ये दम घ्यायला पठार मिळत नाही आणि तापलेले ब्रेक थंड व्हायला वाव राहत नाही. राल्लारवेगनवरच्या म्यूरदालजवळ तर एकवीस वळणं आहेत, खडीची आणि इतकी तीव्र की तिथे सायकल हातात धरून उतरावी असंच सांगतात. हे सगळं घेऊन मी दुसऱ्या दिवशी परत गेले, आणि खरी तयारी तिथून सुरू झाली.

आधी गिअरचं सांगते. माझ्या सायकलला पुढे लहान चक्र ३४ दात्यांचं आणि मागे सगळ्यात मोठं ३२ चं होतं. आता पुढे ३०, मागे ३४. चाळीस मिलिमीटरच्या टायरचा घेर साधारण २.२ मीटर धरला, तर पायडलच्या एका फेरीत आधी २.३४ मीटर जायची, आता १.९४. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तर ताशी ८.४ किलोमीटरऐवजी ७. फरक आकड्यात किरकोळ दिसतो, पण मागे पंधरा किलो सामान असताना यवतेश्वरच्या घाटात तो गुडघ्यांना लगेच कळला.

ब्रेकला मुलाने रेझिनचे पॅड काढून धातूमिश्रित बसवले. हे थोडा आवाज करतात, पण पावसात आणि चिखलात लवकर झिजत नाहीत. ऑइल पूर्ण बदललं. चाचांनी मागच्या चाकाचे आरे एकेक तपासले, चेनच्या बाजूचे चार बदलले, चाकाचा आउट काढला, म्हणजे डुगडुगणारं चाक सरळ केलं, आणि जास्तीचे तीन आरे फ्रेमला टेपने चिकटवून दिले. "रानात तुटला तर कुठं शोधता?" डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, ज्यावर टांगतात तो हँगरही त्यांनीच आठवणीने एक जादा मागवला.

मे महिन्याच्या शेवटी रंगीत तालीम केली. साताऱ्याहून यवतेश्वर, कास, तिथून बामणोली. मेमध्ये शिवसागराचं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचं, पाणी पार खाली गेलेलं असतं, त्यामुळे लाँचपर्यंत भेगाळलेल्या गाळातून सायकल ढकलत न्यावी लागली. लाँचवाल्या मामांनी पुढच्या बाजूला सायकल आडवी बांधली आणि तापोळ्याला सोडलं. दोन्ही बाजूंनी डोंगर आणि मधून पाणी, तेव्हा मन पुढे नॉर्वेत गेलं होतं. तिथेही एक दिवस फ्लोमहून गुडवांगेनपर्यंत बोटीने जायचंय, कारण त्या बाजूच्या ११.४ किलोमीटरच्या बोगद्यातही सायकलला मनाई आहे. ती बोट जाते नॅरॉयफ्योर्डमधून, २००५ पासून जागतिक वारशात असलेल्या.

दुसऱ्या दिवशी तापोळा ते महाबळेश्वर चढले आणि केळघरच्या घाटाने मेढ्याकडे उतरायला लागले तोच वळवाचा पाऊस आला. रस्त्यावरून तांबडं पाणी वाहत होतं. दोन बोटांनी ब्रेक दाबला की सायकल जिथे हवी तिथे थांबत होती. मेढ्यात एका टपरीवर चहा घेतला आणि तिथूनच चाचांना फोन लावला.

या दुकानाचं मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते शेवटचं काम. विमानासाठी सायकल खोक्यात भरून द्या म्हटल्यावर चाचांनी साफ नकार दिला. "मी भरीन, पण तिकडं उतरल्यावर जोडणार कोण?" दोन रविवार त्यांनी मला दुकानात बसवून सगळं माझ्याकडूनच करून घेतलं. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, तो मागच्या बाजूला फिरवून सुटतो, हेही मला तिथेच कळलं. चाक काढल्यावर ब्रेकच्या पॅडमध्ये प्लॅस्टिकची चकती घालायची, नाहीतर चुकून लिव्हर दाबला की पॅड चिकटून बसतात. डिरेलर सोडवून फ्रेमच्या आत बांधायचं. पहिल्यांदा जोडायला मला दोन तास वीस मिनिटं लागली, दुसऱ्यांदा पन्नास मिनिटं. चाचा शेजारी स्टुलावर बसून बघत होते, पान्ह्याला हात लावला नाही.

तक्रारही आहे. पुण्याहून यायचा क्रँक (पायडलचे दांडे आणि पुढची चक्रं) तीन आठवडे उशिरा आला आणि मधल्या काळात दुकानातून एक फोनही नाही. मीच खेटे घालत होते. नव्या क्रँकबरोबर पुढचं डिरेलरही बदलावं लागतं हे आधी सांगितलं नव्हतं, तो खर्च ऐनवेळी वाढला. आणि रुंद टायरवर मडगार्ड बसत नाहीत हे टायर चढवल्यावर लक्षात आलं. पावसाळी देशात जाताना मडगार्ड नसणं मला खटकतंय, त्यावर अजून तोडगा निघालेला नाही.

मजुरीचे ३,२०० रुपये घेतले, सामानाचे वेगळे, बिलं दाखवून. खोका भरायला शिकवण्याचे पैसे काही केल्या घेतले नाहीत. मी पेढ्यांचा पुडा दिला, तो दुकानातल्या सगळ्या पोरांत वाटला गेला.

जायचं असेल तर एप्रिल-मेमध्ये सायकल टाका. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की पोरांच्या सायकलींची रांग बोळाच्या तोंडापर्यंत लागते, आणि चाचा त्यांना आधी घेतात.