व्हिएन्नाची जत्रा की शंभर जणांची बैठक?

भूविज्ञानातल्या पीएचडीच्या चार-पाच वर्षांत लांबच्या परिषदेचा खर्च एकदा मंजूर होतो, फार तर दोनदा. त्यामुळे कुठे जायचं हे नावावरून ठरवू नका, आपलं काम कुठवर आलंय त्यावरून ठरवा.

एका बाजूला युरोपियन जिओसायन्सेस युनियनची, म्हणजे ईजीयूची, व्हिएन्नातली वार्षिक सभा. भूकंप, हिमनद्या, माती, ग्रहविज्ञान, सगळं एका छताखाली आणि हजारोंची गर्दी. (अमेरिकन जिओफिजिकल युनियनची, म्हणजे एजीयूची, डिसेंबरची सभा म्हणजे हाच प्रकार, आणखी मोठा.) पण छत एक असलं तरी माणसं आपापल्याच सत्रांतून फिरतात आणि दमून हॉटेलवर परततात. परक्या विषयात डोकावायचं तर तिथले तरुण संशोधक 'जिऑलॉजी १०१', 'सेस्मॉलॉजी १०१' असे छोटे वर्ग घेतात, ते चुकवू नका. भाषणाची धास्ती असेल तर 'पिको' सत्र मागा: दोन मिनिटांत काम सांगायचं, मग टचस्क्रीनपाशी उभं राहून प्रश्न झेलायचे. शेवटची पदवी मिळून सात वर्षं झाली नसतील तर ईजीयू तुम्हाला नवोदित धरते.

दुसऱ्या बाजूला फक्त तरुणांच्या आंतरशाखीय बैठका. २०१३ मध्ये हॅम्बुर्गला अशी एक परिषद भरली, तिचा विषयच होता 'अनिश्चितता'. निवड अचूक होती, कारण हा शब्द प्रत्येक शाखेत वेगळ्या अर्थाने वापरतात. असाच दुसरा साधा शब्द 'अलीकडे' घ्या. गाळाचे थर मोजणारी मुलगी अलीकडे म्हणते तेव्हा तिच्या मनात होलोसीन असतो, गेली ११,७०० वर्षं. समोरचा हवामानवाला उपग्रह आल्यानंतरची काही दशकं धरून मान डोलावतो. मोठ्या सभागृहात अशी मान डोलावली की विषय संपतो. छोट्या खोलीत मात्र 'म्हणजे नक्की कधी?' असं कुणीतरी विचारतंच, आणि दोघांचे आलेख पुन्हा उघडले जातात.

उणीव उघड आहे. पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची संशोधनाची नोकरी, देणारी मंडळी तिथे फारशी नसतात, आणि अशा बैठका दरवर्षी होतीलच याचा भरवसा नाही. मधला मार्ग म्हणजे मोठ्या परिषदेला जोडलेली तरुणांची बैठक. पुराहवामानवाल्यांच्या, म्हणजे प्राचीन काळातलं हवामान अभ्यासणाऱ्यांच्या, पेजेस संस्थेने २०१३ मध्ये गोव्यात मुख्य परिषदेच्या आधी तशी भरवली होती. गॉर्डन रिसर्च कॉन्फरन्स या परिषदांचे तरुणांसाठीचे सेमिनारही मुख्य परिषदेच्या तोंडावरच होतात. तिथे स्लाइडचे फोटो काढायला बंदी असते, त्यामुळे अप्रकाशित काम मोकळेपणाने दाखवता येतं. विषय मात्र एकच आणि अरुंद.

दुसऱ्या वर्षाला असाल, डेटा अर्धाकच्चा असेल, तर मी डोळे मिटून छोटी बैठक सांगेन. प्रबंध संपत आला असेल आणि नोकरी शोधायची असेल तर व्हिएन्ना. पण भेटायच्या माणसांना निघण्याआधीच ईमेल टाका. सभा एप्रिल-मेच्या सुमारास असली तरी ॲबस्ट्रॅक्टची (कामाच्या गोषवाऱ्याची) मुदत जानेवारीतच संपते आणि प्रवासखर्चाच्या मदतीसाठीचा अर्ज त्याहून आधी करावा लागतो.