निवृत्तीनंतर दोघींनी राहायचं कुठे: सोसायटीतला फ्लॅट, ज्येष्ठांचं संकुल की मैत्रिणींच्या शेजारी?

साठीच्या आसपासच्या लेस्बियन जोडप्यांना पुण्या-मुंबईत हे तीन पर्याय खरोखर उपलब्ध आहेत. पण १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही. त्यामुळे दोघी कायद्याने एकमेकींच्या वारस नाहीत. घर निवडताना हे आधी लक्षात घ्या.

साध्या सोसायटीतला फ्लॅट सर्वांत मोकळा. खरेदी फक्त बायकांच्या नावावर असेल तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. म्हणून दोघींची नावं पहिल्याच दिवशी करारात घाला. नंतर बक्षीसपत्राने अर्धा वाटा द्यायचा तर नवरा-बायकोसारखी शुल्कमाफी नाही, वर घेणारीला आयकरही लागतो. दोघींची नावं असली तरीही एकीच्या पश्चात तिचा हिस्सा दुसरीला आपोआप मिळत नाही. अविवाहित हिंदू बाईचा हिस्सा आईवडिलांकडे, ते नसतील तर भावंडांकडे जातो. ती निपुत्रिक विधवा असेल, तर स्वकमाईचं घरही सासरच्या वारसांकडे जातं! सोसायटीत नामनिर्देशनाचा फॉर्म भरून पोच घ्या, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मृत्युपत्र हवंच.

ज्येष्ठांच्या संकुलात जेवण, नर्स, बाथरूममधले आधाराचे दांडे, रात्रीची बेल हे सगळं आयतं मिळतं. अडतं ते प्रवेश अर्जातल्या ‘नातं’ या रकान्यात. ‘मैत्रीण’ लिहून भागतं, पण मग दुसरी ‘पाहुणी’ ठरू शकते. त्यामुळे चार गोष्टी लेखी घ्या: मूळ रहिवासी गेल्यावर दुसरी तिथेच राहू शकते का, वयाची अट दोघींना आहे का, अनामत कोणाला परत मिळते, आणि अंथरुणाला खिळल्यावर किंवा स्मृतिभ्रंश झाल्यावर ठेवून घेतात का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं तर पैसे भरू नका.

तिसरा पर्याय, चार-पाच मैत्रिणींनी एकाच इमारतीत किंवा गल्लीत वेगवेगळी घरं घेणं. आमचा कल इकडे आहे, एकटीसाठी तर नक्कीच. प्रत्येकीचं दार वेगळं, पैशांचे व्यवहार वेगळे, आणि किल्ली शेजारी. मुंबईत १९९५ साली ‘स्त्री संगम’ (आताची ‘लेबिया’) हा लेस्बियन आणि बायसेक्शुअल बायकांचा गट सुरू झाल्यापासून जुळलेली ओळख इथे कामी येते. मात्र सगळ्या एकाच वयाच्या असतील तर दहा वर्षांनी धावून येणारं कोणी उरत नाही. पन्नाशीच्या आतल्या एकदोघी गटात हव्यातच.

कुठेही राहा, वैद्यकीय इच्छापत्र (लिव्हिंग विल) करा, म्हणजे स्वतः सांगता येत नसेल तेव्हा कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवा. २०२३ पासून त्याला दोन साक्षीदार आणि नोटरी पुरते, आणि उपचारांबाबत निर्णय कोणी घ्यायचा ते नाव त्यात लिहिता येतं. बँक खातं ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ ठेवा, म्हणजे दोघींपैकी कोणीही ते चालवू शकते आणि एक गेल्यावर दुसरीही. समलिंगी जोडीदारांना संयुक्त खात्याला मज्जाव नाही, असं केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. मृत्युपत्रालाही दोन साक्षीदार लागतात. जोडीदाराला साक्षीदार करू नका. पुढे भाचे-पुतणे कोर्टात गेले तर साक्ष द्यायला साक्षीदार हयात असावेत, म्हणून वयाने लहान निवडा. त्यातला एक डॉक्टर असला तर उत्तम.