दुकानातली तपासणी की आधी परवाना?

अमेरिकेत बंदूक घेणाऱ्याची छाननी मुख्यतः दोन प्रकारे होते. केंद्रीय पद्धतीत परवानाधारक दुकानात ग्राहक ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरतो, दुकानदार एफबीआयच्या यंत्रणेकडे विचारणा करतो आणि बहुतेकदा काही मिनिटांत उत्तर येते. घोळ होतो तो उत्तर लांबले की. कामकाजाचे ३ दिवस उलटले तर दुकानदार बंदूक देऊन टाकू शकतो. २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये ९ जणांचा जीव घेणाऱ्याला पिस्तूल याच फटीतून मिळाले. शिवाय खासगी विक्रेत्यावर केंद्रीय कायद्याने ही तपासणी बंधनकारक नाही; काही राज्यांनी तेवढी सक्ती स्वतः केली आहे.

कनेक्टिकटसारख्या राज्यात हँडगनसाठी (पिस्तूल, रिव्हॉल्व्हर) आधी परवाना काढावा लागतो: बोटांचे ठसे, सुरक्षा प्रशिक्षण, मग अर्ज. इथे उत्तर रखडले तर बंदूकही रखडते, आणि मला हाच निर्णायक फरक वाटतो. दुसऱ्यासाठी स्वतःच्या नावावर खरेदी करून देणारेही कचरतात, कारण ठसे आणि ओळख अधिकाऱ्यांकडे नोंदलेली असते. मिझुरी राज्याने मात्र असा परवाना २००७ मध्ये रद्द केला.

हक्काच्या बाजूचा आक्षेप खरा आहे. दुसऱ्या घटनादुरुस्तीने दिलेल्या शस्त्र बाळगण्याच्या अधिकारासाठी फी आणि आठवडेच्या आठवडे वाट का? धमक्या येत असलेल्या बाईला तेवढा वेळ नसतो. म्हणून परवान्याच्या कायद्यात निर्णयाची ठाम मुदत, फीमाफी आणि तातडीच्या अर्जाची सोय असायलाच हवी.